पाच किलोमीटरचा बाक

"एकवीस दिवस! फक्त एकवीस दिवस, रोज एकाच वेळी, एकाच जागी जायचं. बाविसाव्या दिवशी पाय आपोआप चालायला लागतात!" नकाशेकाकांनी जाहीर केलं आणि पोट आत ओढून कोटाचं बटण लावायचा आणखी एक प्रयत्न करून पाहिला. बटण आणि काज यांच्यात चांगलं चार बोटांचं अंतर होतं. दोघं एकमेकांकडे तोंड करून उभे होते, एवढंच.

भूमापन कचेरीत नकाशे काढायचं काम, म्हणून सगळे त्यांना नकाशेकाका म्हणत. कागदावर ते दिवसाला शंभर मैल हिंडत. बूड मात्र खुर्चीवरून हलत नसे!

आणि कोट साधासुधा नव्हता. काकूंनी शिवणकाम शिकताना शिवलेला तो पहिला कोट. डावी बाही उजवीपेक्षा अर्धं बोट लांब. तोच घालून काका लग्नाला उभे राहिले होते. आता तीन महिन्यांनी लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती, आणि काकू एवढंच म्हणाल्या होत्या, "त्याच कोटात एक फोटो काढू या. सगळी बटणं लावून." पंचवीस वर्षांत काकूंनी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. काका तिथल्या तिथे "हो" म्हणून बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला काका नवे बूट घालून बागेत हजर! फाटकातून आत शिरतात न शिरतात तोच नाडी सुटली. ती बांधायला ते हिरव्या बाकावर टेकले. वारा गार होता, धुकं खाली उतरलं होतं, झाडं अजून अर्धवट जागी होती. काकांचे डोळे अलगद मिटले आणि ते चालायला लागले. बागेच्या मागच्या दारानं कालव्याकाठी. तिथून लाकडी पुलावरून पलीकडे, मग टेकडी. पाय कसे जमिनीला लागतच नव्हते! टेकडीवरून सगळं गाव धुक्यात तरंगताना दिसत होतं.

डोळे उघडले तेव्हा सात वाजले होते आणि पायाला मुंग्या आल्या होत्या. एवढं चालल्यावर येणारच, असं काकांना वाटलं.

घरी काकू मशीनवर बसल्या होत्या. "झालं का फिरून?"

"फिरून? अगं, पुलावरून पलीकडे टेकडीवर जाऊन आलो! चांगले पाच किलोमीटर!" काकांनी धुक्यापासून सगळं सांगितलं. काकूंचा मशीनवरचा पाय थांबला. सुईखालचं कापड तसंच राहिलं आणि त्या ऐकत बसल्या.

खोटं बोलायचं काकांच्या मनात नव्हतं. उद्या खरंच चालू, असं त्यांनी मनापासून ठरवलं होतं. पण उद्याही बाक तिथेच होता! रोज साडेपाच, रोज तोच बाक. घरी आल्यावर कॅलेंडरवर बरोबरची खूण. ना एक दिवस खाडा, ना एक दिवस कंटाळा. बाविसाव्या दिवशी तर गजर होण्याआधीच ते बाकावर पोचले होते.

आणि चौथ्या आठवड्यात चमत्कार झाला. "अगं, पँट सैल झाली!"

"बघू," म्हणत काकूंनी कमरेत दोन बोटं घालून पाहिली. "खरंच की हो!"

काका दिवसभर विचारात पडले. स्वप्नात चाललं तरी वजन उतरतं की काय? पण पुरावा कमरेलाच होता. त्या आनंदात ते रात्री दोन पोळ्या जास्त जेवले. पुढच्या आठवड्यात पँट आणखी सैल!

कचेरीत बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? काका एका हातानं पँट वर ओढत चालायला लागले, तेव्हा मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं.

"नकाशेकाका, अडीच महिने एकही खाडा नाही म्हणे! आम्ही चौथ्या दिवशी ढेपाळतो. येत्या रविवारी अख्खी कचेरी तुमच्या मागून येणार. तुमचा तो रोजचा रस्ता दाखवा!"

"साहेब, रस्ता जरा अवघड आहे..."

"अहो, तुम्ही असताना कसला अवघड!"

रविवारी काका पुढे आणि पंधरा माणसं मागे. बाकाशी येताच काकांचे पाय आपोआप वळले. एकवीस दिवसांचा सिद्धांत अगदी बरोबर होता! त्यांनी कसेबसे ते सरळ केले, मागचं दार ओलांडलं आणि कालव्याकाठी आले. बघतात तर काय, पूल नाही! समोर नुसतं पाणी.

"पूल कुठाय हो काका?" साहेबांनी विचारलं.

"काल होता!"

"काका," मागून टंकलेखिका हळूच म्हणाली, "पूल पडून बारा वर्षं झाली. तशी नोंद आहे नकाशात. तुम्हीच काढलाय तो."

काकांना दरदरून घाम फुटला. कमरेची पँट घसरायला आलेली. दोन्ही हातांनी ती धरून ते परत फिरले आणि सवयीनं थेट बाकावर जाऊन कोसळले. समोरून माळी आला.

"साहेब, आज उशीर झाला झोपायला? मी सकाळीच बाक पुसून ठेवला होता!"

पंधराच्या पंधरा माणसांनी बाकाकडे पाहिलं. मग साहेब हसले, आणि त्यांच्यामागून अख्खी कचेरी हसली. काकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण लोकांच्या हसण्यापेक्षा त्यांना भीती होती ती घराची.

घरी येऊन त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. "मी एक दिवसही चाललो नाही गं. नुसता झोपलो."

"माहीत आहे मला," काकू म्हणाल्या. "चौथ्या दिवशीच कळलं. तुमच्या शर्टाच्या पाठीवर बाकाच्या रंगाच्या हिरव्या पट्ट्या उमटलेल्या असतात. धुते मीच ना!"

"आणि पँट?"

"दर आठवड्याला अर्धं बोट सैल करत होते. म्हटलं, हुरूप येईल, कधीतरी खरंच चालाल."

"मग बोलली का नाहीस?"

काकूंनी सुईतला दोरा उगाच सारखा केला. "तुम्ही आल्यावर सांगायचा ना, धुकं, पूल, टेकडी. मी दिवसभर या मशीनसमोर असते. ऐकताना मलाही फिरून आल्यासारखं वाटायचं. ते बंद पडलं असतं." मग कोट हातात घेऊन त्या म्हणाल्या, "पण कोटही तसाच सैल करत आणलाय, आता त्याच्या शिवणीत सोडायला कापड उरलेलं नाही, आणि फोटोला आठच दिवस राहिलेत."

काकांनी बूट दाराशी नीट मांडून ठेवले. मग म्हणाले, "उद्या साडेपाचला तूही चल."

आठ दिवस दोघं खरोखर चालले. रोज बागेला एक फेरी, नंतर बाकावर पाच मिनिटं! आठ दिवसांत पोट कुठे जातंय? शेवटी काकूंनी कोटाच्या दोन्ही काखांखाली दुसऱ्याच कापडाची पट्टी जोडली. हात खाली ठेवले की दिसत नव्हती.

स्टुडिओत सगळी बटणं लागली. फोटोवाला म्हणाला, "साहेब, हात जरा उचलून बाईंच्या खांद्यावर ठेवा."

"नको!" दोघं एकदम ओरडले.

फोटो झकास आला. काका कवायतीला उभं राहिल्यासारखे ताठ, काकू हसू दाबताहेत. स्टुडिओकडे जाताना दोघं वाटेत बागेतल्या त्याच बाकावर टेकले होते, तेही पाचच मिनिटं म्हणून! जागे झाले तासाभरानं. दोघांच्याही पाठीवर हिरव्या पट्ट्या आहेत, पण फोटो समोरून काढतात हे एक बरं असतं.