गावंडेकाका आणि तिकडचं पोट्टं

गावंडेकाका मॅच बघायला बसतात ते बूट घालून. अंगात जॅकेट, डोक्यावर आमच्या संघाची टोपी, हातात गाडीची किल्ली. आणि बसतात कुठे, तर स्वतःच्याच घराच्या बेसमेंटमध्ये! पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं, बाहेर जायची घाई असेल बिचाऱ्यांना, आपण उगीच टपकलो. तसं निखिलच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, कानात म्हटलंसुद्धा. तो म्हणाला, "गप बस. कळेल."

कळलंच. खेळ रंगात आला होता, आणि तिकडच्या संघाच्या क्वार्टरबॅकने चेंडू सरळ आमच्या माणसाच्या हातात फेकला. समोरच्या घरातला डग, म्हणजे आमचा रिटायर्ड ट्रक ड्रायव्हर शेजारी, चक्क सोफ्यावर उभा राहिला. निखिलने शिट्टी मारली. आणि काका? "काय करून राहिला बे हा पोट्टा!" असं ओरडून ते ताडकन उठले, धाडधाड जिना चढले आणि वर गॅरेजचं दार उघडल्याचा आवाज आला. यजमान घर सोडून गेले, आणि आम्ही तिघं पाहुणे त्यांचा चिवडा खात तळघरात! वीस मिनिटांनी परत आले आणि काही झालंच नाही अशा थाटात बसले. बूट पायात होतेच.

अहो, चुकला कोण? शत्रूचा माणूस. फायदा कुणाचा? आपला. मग चिडायचं कशाला? हे मी त्यांना विचारलंही. तर म्हणाले, "फायदा गेला खड्ड्यात! डोळ्यांदेखत एक पोट्टं वाया जाऊन राहिलं, आणि तुम्ही शिट्ट्या मारता?"

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मीही ठाण्याची, क्रिकेटवर वाढलेली, त्यामुळे माझं ज्ञान बेताचंच. इथला फुटबॉल हाताने खेळतात. नाव का फुटबॉल, ते विचारू नका. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात पहिल्यांदा चेंडू येतो तो. त्याने तीन-चार सेकंदांत ठरवायचं: लांब फेकायचा, जवळच्याला द्यायचा, स्वतः घेऊन पळायचं, की काहीच जमत नाही म्हणून गुपचूप मैदानाबाहेर टाकून द्यायचा. तेवढ्यात चार-पाच आडदांड बाप्ये त्याच्या अंगावर धावून येत असतात. मला तर ग्रोसरीत दोन प्रकारच्या तांदळांतून एक निवडायला याहून जास्त वेळ लागतो.

तर तिकडचा हा क्वार्टरबॅक चोवीस वर्षांचा. हात असा की चेंडू अर्धं मैदान पार करतो, पण टाकून द्यायचं नाव घेत नाही. पाच जण अंगावर आले तरी हा धरून ठेवणार, मग घाईघाईने भलतीकडेच फेकणार. वर कोचशी भांडणार, हेल्मेट आपटणार. आमचा संघ खेळत नसला तरी काका त्याची मॅच लावायचेच, पण त्याचं नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. ते 'पोट्टं'च.

आमच्या शेजारचे हे काका नागपूरचे, इंजिनियर. पन्नास वर्षांपूर्वी इथे आले, कारखान्यात यंत्रं डिझाइन करून रिटायर झाले. पन्नास वर्षांत इंग्रजी इथली झाली, नागपूर मात्र तसंच राहिलं. त्यांचा पारा मोजायची माझी एक युक्ती आहे. शांत असले की 'मला' म्हणतात, तापले की 'मले'. डगशी बोलताना हे सगळं इंग्रजीत उतरतं. डग एकदा म्हणाला, पोराचा आर्म बघ, काय आर्म आहे! काका म्हणाले, "आर्म इज देअर, डग. अबव्ह नेक, व्हेकन्सी." डग आठवडाभर ते वाक्य गल्लीत सगळ्यांना ऐकवत फिरत होता.

निखिलचं आणि काकांचं मात्र खरं जुंपायचं. निखिल सॉफ्टवेअरमधला, त्याला प्रत्येक गोष्टीचा डेटा लागतो. "काका, त्याचं डिसिजन मेकिंग इम्प्रूव्ह होतंय. वय बघा ना. मॅच्युरिटी येईल दोन वर्षांत."

"मॅच्युरिटी येते फिक्स्ड डिपॉझिटला! आपोआप. माणसाला येते ती पोच. आणि ती आपोआप येत नसते."

"पण म्हणजे काय नक्की?"

"काहीच जमून नाही राहिलं, तेव्हा हातातलं सोडून देता येणं. त्याला म्हणतात पोच. या पोट्ट्याले फेकता येते, पळता येते, सोडता येत नाही!"

'पोट्ट्याले' आलं की मी चिवड्याचा डबा पुढे करायचे. चिवडा ब्रॅम्पटनच्या देशी दुकानातून विकतचा. काकू होत्या तेव्हा घरचा असायचा. त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या, आणि काकांनी त्याबद्दल आमच्याशी एक अक्षर काढलं नाही. आम्हीही विचारलं नाही. काय विचारणार?

मागच्या वर्षी काकांना ऐंशी पूर्ण होणार म्हणून सरकारी पत्र आलं. इथे ऐंशी झाली की लायसन रिन्यू करायला डोळे तपासतात, वर्गात बसवतात, आणि कागदावर घड्याळ काढून सांगितलेली वेळ दाखवायला लावतात. डोकं ठिकाणावर आहे की नाही ते त्यावरून कळतं म्हणे. काका पत्र घेऊन आमच्याकडे आले. "माझं डिसिजन मेकिंग तपासून राहिले! माझं! त्या पोट्ट्याचं तपासा म्हणा आधी!"

गेले, आणि पास होऊन आले. घड्याळात रोमन आकडे काढले होते, आणि सेकंदकाटा दाखवायचा का, असं परीक्षा घेणाऱ्या बाईंना उलट विचारून आले होते. मी शिरा केला.

पण कागदावरचं घड्याळ वेगळं नि रस्ता वेगळा. त्या उन्हाळ्यात काकांनी गॅरेजमधून गाडी काढताना आमचे रिसायकलिंगचे निळे डबे दोनदा आडवे केले. एकदा डगच्या लॉनचा कोपरा गेला. त्यांची मुलगी मीनल ब्रॅम्पटनला असते. वर्षभर ती 'बाबा, गाडी आता पुरे' म्हणत होती, आणि काका फोन ठेवून देत होते. शेवटी तिने मला फोन केला.

"प्राची, तू रोज बघतेस त्यांना. ऑनेस्टली सांग, नीट चालवतात का? तू सांगशील तसं मी करीन. मी उगाच त्यांची गाडी काढून घेतली तर ते मला जन्मभर माफ नाही करणार. आणि नाही घेतली, आणि काही झालं, तर मी स्वतःला नाही करणार."

मी म्हटलं, "छान चालवतात गं. तू काळजी करू नकोस."

खोटं बोलले. डब्यांचं बोलले नाही, लॉनचं बोलले नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या हातातून किल्ली काढायला आपण कारण व्हायचं, ते माझ्याच्याने होईना. इतरांच्या पोचेवर शनिवार-शनिवार गप्पा ठोकणारी मी, माझी स्वतःची पोच ही एवढी.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी दुपारची मॅच होती. नेहमीप्रमाणे पोट्ट्याने माती खाल्ली, नेहमीप्रमाणे काका उठले. घरात दूध संपलेलं होतं, म्हणून मी म्हटलं, "काका, मलाही सोडा दुकानापाशी." बसले त्यांच्या शेजारी.

गाडी सुरू झाली तसा रेडिओ सुरू झाला. तीच मॅच! म्हणजे टीव्हीवर बघवत नाही म्हणून उठून यायचं, आणि गाडीत बसून तेच ऐकायचं. मला हसू आलं. काका रेडिओशी भांडत होते. "बाजूला बघ. बाजूला मोकळा आहे तुझा माणूस! नको, नको धरून ठेवू! थांब बे, थांब! नको जाऊ पुढं!"

ते पोट्ट्याला थांब म्हणत होते, आणि शाळेजवळचं स्टॉप साइन आमच्या बाजूने मागे निघालं होतं.

मी किंचाळले. काय किंचाळले ते आठवत नाही. ब्रेक लागला. समोर एक बाई बाळाचा स्ट्रोलर घेऊन रस्ता ओलांडत होती. गाडी आणि स्ट्रोलर यांच्यात हातभर अंतर राहिलं असेल. ती बाई ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. तिने वाकून स्ट्रोलरचं कापड वर केलं, बाळाकडे बघितलं, कापड परत नीट केलं आणि पुढे गेली. तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

काकांनी रेडिओ बंद केला. पोट्ट्याने त्या खेळीत काय केलं ते मला आजपर्यंत माहीत नाही. दूध राहिलं. काकांनी गाडी बैलगाडीच्या वेगाने घरी आणली, गॅरेजमध्ये लावली आणि बसून राहिले. मलाही उतरवेना.

मग म्हणाले, "कुसुमला गाडी येत नव्हती."

कुसुम म्हणजे काकू. मी मान डोलावली.

"इथं आलो तेव्हापासून ती बाजूला बसायची, तू बसली तिथं. आणि सांगायची. हळू. थांबा. तिकडून सायकल येऊन राहिली. आता जा. मी चिडायचो. गाडी तू चालवून राहिली का मी, म्हणायचो." त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले. "चालवत तीच होती. मी नुसता स्टिअरिंग धरून बसलो होतो."

मला आठवलं. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा ही दोघं गाडीतून उतरायची ती भांडतच. काकू किती किरकिर करतात बाई, असं मी निखिलला म्हटलं होतं.

"ती गेल्यावर गाडीत इतकं शांत वाटे," काका म्हणाले, "की मले चालवताच येईना. म्हणून रेडिओ. मॅच तर मॅच, बातम्या तर बातम्या. बाजूनं कोणीतरी बोलत राहिलं पाहिजे." काका तापलेले नव्हते, तरी 'मले' म्हणाले. "त्या पोट्ट्याच्या हेल्मेटमध्ये छोटा स्पीकर असते, माहीत आहे तुले? कोच कानात सांगते, हे कर, ते कर. आणि खेळ सुरू झाला की तो आवाज बंद. मग त्याचं त्यानं ठरवायचं. लोक म्हणतात पोच नाही. मीच म्हणतो! पण पोरी, कानातला आवाज बंद झाल्यावर कोणाले सुचते?"

मी रडले. त्यांनी ग्लोव्ह बॉक्समधून पेपर नॅपकिन काढून दिला. कॉफीच्या दुकानातले फुकटचे नॅपकिन काकू कोंबून ठेवायच्या, ते अजून तिथेच होते. मी एक घेतला, तर काकांनी बाकीचे नीट घडी करून परत आत ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बेल वाजली. काका दारात. स्वच्छ दाढी, इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ली. "मीनलला फोन लाव. माझ्यासमोर. स्पीकरवर."

मला वाटलं, आता माझं खोटं उघडं पडणार. पण काकांनी माझं नावच काढलं नाही. "मीनल, गाडी घेऊन जा. मी काल स्टॉपवर थांबलो नाही. लहान लेकरू होतं समोर. देवाच्या कृपेनं काही झालं नाही. पण पुढच्या वेळेचं देवावर सोडता येत नाही."

ज्या मुलीने वर्षभर याच वाक्यासाठी जीव टाकला होता, ती काय म्हणाली असेल? "बाबा, इतकं काही अर्जंट नाहीये... विंटर टायर्स तर नवे आहेत तुमचे..." काकाच तिची समजूत घालत होते. मग मी मध्ये तोंड घातलं आणि डब्यांपासून लॉनपर्यंत सगळं सांगून टाकलं. मीनल म्हणाली, "आय न्यू, प्राची. मला माहीत होतं."

पुढच्या शनिवारी आम्ही घाबरतच बेसमेंटमध्ये उतरलो. काका पायात मोजे घालून बसले होते. पोट्ट्याने दोन घोडचुका केल्या. काका दोन्ही वेळेला उठून उभे राहिले, इकडे-तिकडे बघितलं आणि परत बसले. निखिलसुद्धा त्या दिवशी पोट्ट्याची बाजू घेऊन भांडला नाही. डगने मात्र विचारलं, की मग आता ग्रोसरीचं काय? मी म्हटलं, रविवारी मी नेत जाईन.

रविवारी काका माझ्या गाडीत शेजारी बसले. सीटबेल्ट लावला, हात मांडीवर ठेवले. सवयीने मी रेडिओकडे हात नेला आणि मागे घेतला. दुकानाच्या अलीकडे डावीकडे वळायचं असतं; इथे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, त्यामुळे समोरून येणारी गाड्यांची रांग ओलांडून. मी पंधरा वर्षं इथे गाडी चालवते. नवऱ्याने जरी 'हळू' म्हटलं तरी मला चालत नाही, मी तिथल्या तिथे त्याला उतरायला सांगते.

"थांब," काका म्हणाले. अगदी हळू आवाजात, समोर बघत. "थांब... एक ट्रक येऊन राहिला."

ट्रक गेला. त्याच्या मागे कोणी नव्हतं. वळणापर्यंतचा सगळा रस्ता रिकामा होता, मला स्वच्छ दिसत होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला. मी वळले नाही, काकांच्या 'आता जा'साठी थांबून राहिले.