नवसाचा कोंबडा

लटारूच्या नवसाचा कोंबडा देवापुढं मान फिरवून बसला.

पावसाळ्यात त्याची बायको मनकर्णा तापानं फणफणली होती. तेव्हा त्यानं ताडोबाच्या जंगलातल्या एका देवाला कोंबडा बोलला होता. ताप उतरला. धान घरात आल्यावर लटारू, मनकर्णा आणि त्याची थोरली बहीण रुखमाबाई बैलबंडी जुंपून निघाले. रात्री झाडाखाली मुक्काम, दिवसा चाल. शेवटची चढण तर बंडी खाली सोडून पायीच चढले. कोंबडा लटारूच्या काखेत, तांदळाची पोतडी रुखमाबाईच्या डोक्यावर.

पुजारी सुकलूनं देवापुढं तांदूळ मांडले. कोंबड्यानं दाणे टिपले की देवानं नवस मानला. मग पूजा, मग रस्सा. रस्स्याचा मसाला रुखमाबाईनं घरूनच वाटून आणला होता.

कोंबड्यानं एकदा तांदळाकडं पाहिलं, एकदा सुकलूकडं पाहिलं आणि डोळे मिटले.

"देव नाराज दिसते," सुकलू म्हणाला. "घरातलं काई लपवलं असन तं बोलून टाका. इथी लपत नाई."

ताप आता परत येतो, असं लटारूला वाटलं. त्यानं मनकर्णेकडं पाहिलं आणि भडाभडा बोलून टाकलं, "आरमोरीच्या बाजारात बैल हरपला म्हनून रातभर आलो नाई, ते खोटं हाय. मी दंडारीचा नाच-खेळ पाहत बसलो होतो."

"आन् मी कंदील घेऊन दारात उभी!" मनकर्णा कडाडली.

"देवापुढं भांडू नोका वो," रुखमाबाई म्हणाली. कोंबडा हलला नाही. सगळे तिच्याकडं पाहू लागले. "माह्याकडं काय पाह्यता? बरं. मागं मांजरानं तूप खाल्लं म्हटलं होतं ना, ते मांजर म्हंजे मीच."

"बाई! मी त्या मांजराले जळतं लाकूड फेकून मारलं!" लटारू कळवळला.

आता मनकर्णा उरली. ती पदराशी चाळा करत म्हणाली, "बाई आपल्याकडं राह्याले आल्या का मी भाजीत मीठ कमी टाकते. लवकर घरी जातीन म्हनून."

"अवो माय! मले वाटे, माह्या जिभेलेच काई झालं!"

एवढं होऊनही कोंबडा झोपलेलाच. सुकलूनं त्याला उचललं, गळ्याखाली चाचपलं आणि कपाळावर हात मारला. "हा तं गच्च भरला हाय! कोन चारलं याले?"

तिघंही झाडाच्या शेंड्याकडं पाहू लागली.

"मुक्कामावर हा कुरकुर करून राह्यला होता," शेवटी लटारू बोलला. "आवाजानं वाघ येईन म्हनून मूठभर तांदूळ टाकले."

"मीबी टाकले," रुखमाबाई म्हणाली. "जरासा भरला तं रस्सा बरा होईन."

मनकर्णा खालच्या आवाजात म्हणाली, "मी दोन ओंजळी. तापात पडली होती तं हा माह्या खाटेखाली बसून राहे. पोट भरलं असन तं टिपनार नाई, असं वाटलं. मी जगली म्हनून त्यानं काऊन मरावं?"

लटारूनं सुकलूच्या हातातला कोंबडा परत आपल्या काखेत घेतला. मग त्यानं विचारलं, "सुकलूभाऊ, जिता सोडला तं देव घेते काय?"

"घेते. देवाचं काई अडत नाई," सुकलूनं मसाल्याच्या पुरचुंडीकडं पाहत सुस्कारा टाकला. "रस्सा माहाच बुडते."

कोंबडा देवाच्या नावानं सोडला. सगळ्यांनी वरण-भात खाल्ला आणि उतरणीला लागले. एकीच्या डोक्यात दंडार होती, दुसरीच्या डोक्यात मीठ आणि लटारूच्या डोळ्यांपुढं ते बिचारं मांजर.

खाली येऊन पाहतात तर बंडीच्या जुवावर कोंबडा बसलेला. त्यांच्या आधीच झुडपांतून उतरून आला होता.

लटारूचा चेहरा पडला. देवानं नवस परत केला की काय? त्यानं भीत भीत मनकर्णेच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं.

"याचे लाड देवाले झेपले नसतीन," रुखमाबाई म्हणाली.

लटारूला हसू फुटलं. कोणाचं लक्ष नाही असं पाहून त्यानं कोंबड्यासाठी हळूच तांदळाच्या पोतडीत हात घातला. आत आधीच दोन हात होते.