वाशीम जिल्ह्यातील प्राचीन संगणकांची पाहणी

राष्ट्राचा वारसा टिकतो तो जनतेच्या प्रेमामुळे नव्हे, तर निर्लेखन समितीच्या बैठकीला गणपूर्ती न झाल्यामुळे. (निर्लेखन म्हणजे मोडकी कार्यालयीन वस्तू मोडकी असल्याचे लेखी मान्य करणे. यास सरासरी एकोणीस वर्षे लागतात.) तंत्रनिकेतनातील निवृत्त निदेशक जानराव यांना हे सत्य वयाच्या बहात्तराव्या वर्षी उमगले. निमित्त घरघंटीचे झाले.

घरघंटी रविवारी यायची होती. तिच्यासाठी पत्नी दुर्गाबाईंनी मुक्रर केलेल्या कोपऱ्यात जानरावांचा १९९१ सालचा संगणक होता. हिरव्या अक्षरांचा, दोन फ्लॉपींचा, चौतीस वर्षे दर शनिवारी ब्रशने साफ केलेला आणि चालू.

"रविवारपर्यंत त्याले कुठंबी पाठवा," दुर्गाबाई म्हणाल्या, "नाईतर मी भंगारवाल्याले देऊन टाकतो. मंग मले म्हनू नका."

जानरावांनी वाद घातला नाही. तक्ता आखला. जुने संगणक ठेवून घेणारी संग्रहालये इंटरनेटवर परदेशांत पुष्कळ आढळली; वाशीम जिल्ह्यात शून्य. प्रत्यक्ष मोजल्याविना शून्य स्वीकारणे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते. ते एसटीने निघाले.

केनवडच्या एका शाळेत अकरा संगणक मिळाले. प्रत्येकाला फुलाफुलांची खोळ, दसऱ्याला हार, खोलीबाहेर पादत्राणे, खोलीला कुलूप. एकाही विद्यार्थ्याने आजवर त्यांना हात लावलेला नाही. इतके निर्दोष जतन परदेशातही दुर्मीळ असावे.

धनजला भाजीवाले चंपत यांचा खासगी संग्रह होता. एकच मॉनिटर, तोही आतून पोकळ, त्यात कोंबडी. (पाहण्याची वेळ सकाळी. दुपारी ती अंड्यांवर असते व अभ्यागतांना टोचते.) तुमचाही ठेवतो, फक्त आतलं सगळं काढून द्या, असे चंपत प्रेमाने म्हणाले. जानराव पुढच्या एसटीत बसले.

कारंजा लाडच्या एका कार्यालयात मात्र तेवीस होते, पांढऱ्या रंगात क्रमांक घातलेले. क्रमांक नऊमध्ये उंदरांची तिसरी पिढी नांदत होती. वार्षिक पडताळणीतील शेरा, 'सुस्थितीत'. भांडाराचे लिपिक धम्मरत्न हे जानरावांचेच जुने विद्यार्थी निघाले.

"जयभीम सर! आना ना तुमचा. चोविसावा करून टाकू. बंद हाये ना?"

"चालू आहे. उत्तम चालतो."

धम्मरत्न यांचा चेहरा पडला. "मंग नाई जमत, सर."

"काहून बाप्पा?"

"चालू मशीन ठेवली त कोनीतरी चालू करन. चालू केली त तिच्यावर काम करा लागन. अन् बिघडली त जबाबदारी कोनाची? 'बंद' असं लेहून द्या, आत्ता ठेवून घेतो."

जानरावांनी उभ्या नोकरीत खोटा शेरा लिहिला नव्हता. उपाय एकच उरला, शेरा खरा करणे. शनिवारी सकाळी त्यांनी पेचकस घेऊन झाकण उघडले. मात्र हाताला सवय वेगळी. धूळ दिसली ती झटकली, पंख्याला तेलाचा थेंब दिला, एक सैल तार घट्ट केली. संगणक पूर्वीपेक्षा चार सेकंद लवकर सुरू झाला.

"झाला का बंद?" दुर्गाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारले.

"प्रयत्न चालू आहेत."

तेव्हा त्यांनी तक्त्यात शेवटचा रकाना वाढवला, सर्वसामान्य घरे. गल्लीतील एकेचाळीस घरांपैकी एकोणचाळीस घरांत संग्रह आढळला. (उरलेल्या दोन घरी दार उघडले नाही.) बंद मोबाइल, मुके रेडिओ, हरवलेल्या यंत्रांचे चार्जर, एवढे सगळे 'कामी येईल' या एकाच कलमाखाली, विनासमिती, विनाअनुदान जपलेले.

इतके अनुभवी संग्राहक असताना कार्यालयांचे उंबरे झिजवण्याचे कारण उरले नाही. वाचक महोदय, आपल्या पलंगाखालच्या खोक्याची ख्याती आपल्या शेजाऱ्यांकडून कळली आहे. जानराव रविवारी सकाळी नऊ वाजता संगणक घेऊन आपल्या दारी येतील. जागा झाडून ठेवावी. हरकत असल्यास त्या खोक्यातील एक तरी वस्तू त्यांच्यासमोर चालू करून दाखवावी.