आदी तू चढ

ठकूबाईने मुकादमाला फळीवर नाचायला लावलं, तेव्हा मला त्या कामावर लागून जेमतेम चार दिवस झाले होते. नाचायला म्हणजे अक्षरशः नाचायला. प्रभादेवीला चार मजली इमारत उठत होती आणि मी तिथे हजेरी लिहायला होतो. सकाळी आठला पत्र्याच्या खोपटातून मान वर करून बघतो तर काय! ज्याच्या मिशीला अख्खं काम टरकून असायचं, तो विष्णू मुकादम बांबूंच्या परांचीवर धोतर सावरत उड्या मारतोय. खाली अकरा बाया काखेत घमेली घेऊन शांतपणे बघतायत. आणि त्यांच्या पुढे कमरेवर हात ठेवून उभी ही बुटकी, पन्नाशीची बाई.

"टोकाला जा, टोकाला. मधी काय, मधी माजी म्हैस बी नाचंल."

मुकादम टोकाला सरकला. फळीचं दुसरं टोक वीतभर उचललं गेलं आणि मुकादमाने घाबरून बांबूला मिठी मारली. बाया हसल्या नाहीत. ठकूबाईही हसली नाही. "टोकाखाली टेकाय बांबू न्हाय. रिकामं टोक हाय. बदल फळी," एवढंच म्हणाली, आणि फळी बदलली गेली.

मला वाटलं, ही कुणी बडी असामी असणार. हजेरीचं पुस्तक उघडून बघितलं तर नाव होतं, 'ठकूबाई, बिगारी'.

तिचा कायदा एका ओळीचा होता. नवी फळी असो, नवी शिडी असो, नवी परांची असो, मुकादम आधी चढणार, मग बाया. "आदी तू चढ." नवा मुकादम पहिल्या दिवशी भडकायचा, दुसऱ्या दिवशी शिव्या द्यायचा, तिसऱ्या दिवशी चढायचा. कारण बारा बाया घमेली पालथी घालून त्यांवर बसल्या की काम ठप्प, आणि त्यांना उठवायची ताकद एकट्या ठकूबाईत. अरे-तुरे तर सगळ्यांनाच. मी एकदा म्हटलं, "मावशी, निदान इंजिनिअर साहेबांना तरी अहो म्हणा."

"मास्तर," ती म्हणाली (मी लिहितो म्हणून मी मास्तर), "फळीला सायेब कळतो का? फळीला जात कळत न्हाय, हुद्दा कळत न्हाय. वजन कळतं. मंग म्याच कशापायी कळून घिऊ?"

मी मान खाली घालून हजेरी लिहायला लागलो.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी यायची आणि कामावर फेरी मारायची. बांबूवर बोटाच्या पेराने टकटक करून कान लावायची. परांचीच्या गाठी ओढून बघायची. चुन्या-सिमेंटच्या पाण्याने सुंभ कुजतं, वरून धड दिसतं आणि आतून पीठ झालेलं असतं, हे मला तिने शिकवलं. खिळे वर असलेली फळी दिसली की ती उचलून थेट माझ्या टेबलावर आणून ठेवायची. "ह्ये तुज्या पायात न्हाय ग्येलं, म्हनून तुला दिसलं न्हाय." एकदा कुणीतरी जिन्याच्या भोकावर नुसतं गोणपाट टाकून ठेवलं होतं. ठकूबाईने मुकादमाला बोलावलं, गोणपाट दाखवलं आणि गोड आवाजात म्हणाली, "दमलास. बस की वाईच." मुकादम बसायला वाकला, आणि तिनेच त्याची मानगूट धरून त्याला मागे ओढलं. तासाभरात भोकाभोवती आडवे बांबू लागले.

राहायची ती वरळीला, बीडीडीत, आमच्या समोरच्या चाळीत. एकटीच. तिथेही तोच खाक्या. डॉक्टरने बाटलीत लाल औषध दिलं तर त्याला म्हणाली, "आदी तू पी." बिचारा प्यायलाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. संध्याकाळ झाली की मैदानात सभा, आणि 'झालाच पाहिजे' ओरडून ओरडून आमचे घसे बसलेले. एकदा आम्ही पोरांनी बाकड्यांवर फळ्या टाकून झोकात व्यासपीठ उभारलं. पुढारी आले, हार तयार, लोक उसळलेले, आणि ठकूबाई व्यासपीठापुढे आडवी. "ह्या पोरांनी बांदलंय न्हवं? मंग आदी ही पोरं चढतील." आम्ही आठजण चढलो. सातवा चढेपर्यंत बरं होतं. आठव्याबरोबर आम्ही सगळे महाराष्ट्रासकट खाली आलो. पुढाऱ्यांनी जमिनीवर उभं राहून भाषण केलं, आणि सांगतो, तसं भाषण त्या मैदानात पुन्हा झालं नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. मुकादम चढून उतरला की बायांमध्ये पहिला पाय ठकूबाईचा. रोज. एखादी तरणीताठी पोरगी चटकन पुढे झाली तर तिला दंडाला धरून मागे खेचायची, चारचौघांत शिव्या घालायची. मी मनात म्हणायचो, बाईला मिरवायची भारी हौस.

मग तो नारळाचा दिवस आला.

मागच्या अंगाला तळमजल्यावरचा स्लॅब पडायचा होता. खाली लाकडी बल्ल्यांचे टेकू उभे केले होते, त्यांच्यावर फळ्या, त्यांच्यावर सळया. एका टेकूखाली उंची कमी पडली म्हणून कुणीतरी विटांचे तुकडे रचून वर पाचर ठोकली होती, आणि खालची जमीन पाण्याने लिबलिबीत. ठकूबाईने सकाळीच ते हेरलं. मुकादमाला सांगितलं. मला सांगितलं. मी मुकादमाला सांगितलं. मुकादम म्हणाला, शेठ येतायत, मुहूर्त टळेल.

शेठ म्हणजे आमचे कंत्राटदार. आले. पांढरा कोट, हातात नारळ, मागे पेढ्यांचा पुडा घेतलेला माणूस. ठकूबाई पुढे झाली. "आदी टेकू बघ, मंग नारळ फोड."

शेठ तापले. आदल्या वर्षी ठकूबाईने घरातले देव बाहेर काढून कोनाडा चुन्याने पांढरा केला होता, हे सगळ्या कामाला ठाऊक होतं. शेठ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझा देवावर विश्वास नाही, म्हणून आमच्या मुहूर्तात खोडा घालतेस?"

"माजा देवावर नसंल," ठकूबाई म्हणाली, "पर तुजा टेकूवर हाय का? हाय ना? मंग दगडावर कशाला, हितंच फोड. ह्या टेकूच्या इटंवर."

आता माघार कशी घेणार? शेठ वाकले, देवाचं नाव घेतलं आणि नारळ विटेवर हाणला. नारळ शाबूत राहिला. विटेचे दोन तुकडे झाले. पाचर निसटली, आणि तो पुरुषभर उंचीचा टेकू वरच्या फळीला लोंबकळून चाळीतल्या पंख्यासारखा हळूच डोलायला लागला.

हा टेकू भर कामात निसटला असता तर वर ओलं सिमेंट असतं, आणि खाली आम्ही असतो, हे हिशेब न करताही प्रत्येकाला कळलं. ठकूबाईने नारळ उचलला, पदराने पुसला आणि शेठच्या हातात परत दिला. "ह्यो चांगला हाय. परवा कामाला यील."

स्लॅब दोन दिवस पुढे गेला. सगळे टेकू काढून, खाली जाड फळ्या टाकून पुन्हा उभे केले. संध्याकाळी शेठने मला खोपटात गाठलं. "त्या बाईचं नाव काढ. माझ्या कामावर पुढारीपण चालणार नाही. घोषणा द्यायच्या तर मैदानात जाऊन दे म्हणावं."

आणि मी नाव काढलं. लपवत नाही. आदल्याच संध्याकाळी मुठी आवळून 'झालाच पाहिजे' म्हणणारा मी, टाक बुडवला आणि 'ठकूबाई, बिगारी' यावर रेघ मारली. इतकी सरळ रेघ मी आयुष्यात मारली नव्हती. स्वतःची शिसारी आली, पण घरी आई होती, दोन भाऊ शिकत होते. हे असलं सगळं त्या वेळी फार पटतं.

सांगायला तिच्या खोलीवर गेलो. ती चुलीपुढे बसली होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "काडलं न्हवं नाव? बस. च्या घे."

बसलो. भिंतीवर खुंटीला दोन चुंबळी टांगलेल्या. ओझं वाहताना डोक्यावर ठेवायची ती कापडाची वेटोळी. एक तिची रोजची, सिमेंटने पांढरी पडलेली. दुसरी हिरव्या लुगड्याची, विटलेली पण स्वच्छ. कुणाची म्हणून विचारलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, बाकी काही नाही.

"आक्काची. माज्या थोरल्या भनीची. तिनंच मला कामावर आनली. मी चौदा वर्साची व्हते. दवानं भिजल्याली फळी, मला लई भ्या वाटलं. म्या म्हनलं, आक्के, आदी तू चढ." तिने चहा गाळला, कप माझ्यापुढे सरकवला. "ती हासली आन चढली. टोक रिकामं व्हतं."

मी कप उचललाच नाही.

"ह्ये बोलनं माज्या तोंडातनं जाईना, मास्तर. रातध्याड त्येच. मंग म्हनलं, ऱ्हायचंच आसंल तर ऱ्हा बाबा. पर हितनं म्होरं मुकादमाला म्हनायचं. बाईमानसाला कदी न्हाय." मग माझ्या कपाकडे बोट दाखवून खेकसली, "आरं पी की! त्यात इख न्हाय घातलं!"

दोन दिवसांनी स्लॅबचा दिवस. सिमेंट कालवून तयार, आणि अकरा बाया शिडीसारख्या वर गेलेल्या फळ्यांपुढे उभ्या. मुकादम न सांगता चढला, उतरला. बाया हलल्या नाहीत. त्यांतली सगळ्यांत लहान, जिला ठकूबाईच्या सगळ्यांत जास्त शिव्या बसल्या होत्या, ती पुढे झाली आणि शेठकडे बघून म्हणाली, "आदी तू चढ."

शेठने फळ्यांकडे बघितलं. बांबूंकडे बघितलं. कोटाचं एक बटण लावलं, एक काढलं. सिमेंट आळायला लागलं होतं. ज्या परांचीवर त्यांनी आजवर शेकडो पाय चढवले, तिच्यावर स्वतःचा एक पाय ठेवायची पाळी आली तेव्हा शेठ माझ्याकडे वळून पुटपुटले, "बोलाव रे तिला."

अकरा बायांनी इतक्या मोठ्याने हाळी दिली की मला वरळीपर्यंत धावावं लागलंच नाही. ठकूबाई रस्त्यापलीकडे फुटपाथवर बसली होती, मांडीवर चुंबळ घेऊन. काल दिवसभर तिथेच होती म्हणे. मी विचारलं, "इथे काय करत होतीस, मावशी?"

"अकरा आत ग्येल्या व्हत्या. सांच्याला अकरा भाईर आल्या का, बगाय नगं?"

ती आत आली. नेहमीप्रमाणे बायांना मागे सारलं, चुंबळ डोक्यावर बसवली आणि पहिला पाय टाकायला पुढे झाली. मला काय झालं कोण जाणे. इतक्या महिन्यांत मी खोपट सोडून कधी वर चढलो नव्हतो. उंची मला सोसत नाही. तरी मी तिच्या पुढे जाऊन उभा राहिलो.

"आज मी आधी."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिला घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तिने माझा दंड धरला, नेहमीसारखं मागे खेचायला. मी हललो नाही. मोठी धिटाई वगैरे नव्हे, पाय बधिर झाले होते. तिने माझ्या पायांकडे बघितलं.

"चपला काड मुडद्या," ती शेवटी म्हणाली. "चपलेनं घसरतं."

चपला काढल्या. चढलो. फळी पायाखाली लवत होती, बांबू करकरत होते. मध्यावर आल्यावर खाली बघायचा मोह झाला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.

"खाली बगू नगं," मागून आवाज आला. "मी हाय मागं."

वर पोचेपर्यंत माझ्या सदऱ्याचं टोक तिच्या मुठीत होतं. वर गेल्यावर, पाय पक्क्या भिंतीवर टेकल्यावरही तिने ते सोडलं नाही. मी सुद्धा सोडवून घेतलं नाही.