पाणसळीचा बुडबुडा

दंतवैद्यांनी सुट्या भागांचं विमान आणून गॅरेजमध्ये जोडायला घेतलं, त्याला तीन वर्षं झाली होती. आज पंख बसवायचे होते. पंख आणि धड जोडणाऱ्या पट्टीत प्रत्येक बाजूला एकच भोक पाडायचं होतं. ते केसभर चुकलं, तरी विमान जन्मभर एका अंगावर कलून उडणार.

"आयुष्यभर दातांना भोकं पाडलीत, आणि इथे एका भोकाला घाबरताय?" बायको म्हणाली.

"दातात चुकलं तर सिमेंट भरता येतं."

मदतीला बायकोचा भाऊ आला. तो फरशा बसवायची कामं घेई. येताना त्याने पातळी बघायची स्वतःची पाणसळ आणली आणि दोन्ही पंखांवर आडवी ठेवली. तिच्या काचेतला बुडबुडा डावीकडे सरकला.

"दाजी, डावा पंख वर आहे."

"परवाच पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन्हीकडे लावून सगळं एका पातळीत आणलंय मी."

"नळी काय, कुणीही धरतं. अठरा वर्षं या पाणसळीवर फरशा बसवतोय."

दंतवैद्यांनी उजवा पंख टेकवलेल्या लाकडी घोडीखाली दवाखान्यातली जुनी मासिकं सारली. बुडबुडा मध्ये आला, पण शेपूट तिरकी दिसू लागली. शेपटीखाली पाचर ठोकली, तर पंखाची झडप हलवणारा दांडा धडाच्या कडेला घासू लागला. दांड्याला जागा करून द्यायला मेहुण्याने कानस उचलली.

"थांब," बायको म्हणाली. "ती पाणसळ डावं टोक उजवीकडे करून, फिरवून ठेव बघू."

"ताई, पाणसळीला उलटं-सुलटं नसतं."

"मग फिरवायला काय जातंय तुझं?"

त्याने फिरवली. बुडबुडा तडक उजव्या टोकाला जाऊन बसला.

म्हणजे खोट पाणसळीतच होती. पाचर निघाली, मासिकं निघाली, दांडा सुरळीत सरकू लागला. दंतवैद्यांनी नळीने पातळी पुन्हा तपासली, श्वास रोखला आणि भोक पाडलं. बोल्ट अलगद आत गेला.

मेहुणा पाणसळ मांडीवर घेऊन पायरीवर बसला होता. "एका बाईंकडे बाथरूममधलं पाणी जाळीकडे न जाता दाराकडे यायचं," तो म्हणाला. "मी त्यांना सांगितलं, जरा बेतानं ओता."

"आमची बाथरूम तूच केलीस ना रे?" बायकोने विचारलं.

मेहुणा पाणसळीवरची धूळ पुसू लागला.

बायको आत गेली. बादलीभर पाणी ओतल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिची पावलं ओली होती.

"पाणी बाहेर येतं म्हणून चौदा वर्षं तुम्हाला बोलतेय मी," ती नवऱ्याला म्हणाली.

"आणि पुसायचोही मीच," दंतवैद्य म्हणाले, आणि दुसऱ्या पंखाकडे वळले.