जुरेमाबाईंचं पॅकेज मी नीट केलं

दुसऱ्याचं पॅकेज दुरुस्त करावं तर ते या ओलिंतोनंच! ब्राझीलमधल्या आमच्या अख्ख्या पोर्तो आलेग्रे शहरात कुणालाही विचारा. फक्त जुरेमाबाईंना नका विचारू.

आमची संगणकप्रणाली फुकट, तिला सांभाळणारे आम्हीही फुकटच. प्रत्येकाकडे तिचा एकेक भाग, म्हणजे पॅकेज. छपाईचं जुरेमाबाईंकडे, अक्षरांच्या वळणांचं, म्हणजे फॉन्टचं, माझ्याकडे. रविवारी संध्याकाळी नवी आवृत्ती पक्की व्हायची होती. ज्यात दोष, ते पॅकेज बाहेर! आणि नेमकं तेव्हाच जुरेमाबाईंचं, पोटच्या पोरासारखं वाढवलेलं पॅकेज अर्धंच पान छापायला लागलं.

आमच्यात रीत अशी: आधी मालकाला कळवायचं, उत्तराची वाट बघायची, आणि दुखतं तेवढंच बरं करायचं. म्हटलं, रीत नवशिक्यांना! शनिवारी बसलो. दोष काही सापडेना. मग निदान घर तरी आवरावं! फायलींची नावं बदलली, खोल्या हलवल्या. प्रोग्रॅममधली एक ओळ अगदीच रिकामटेकडी दिसली, ती उडवली. आणि दिलं सगळ्यांना धाडून!

रविवारी सकाळी आवृत्ती पक्की करणाऱ्या वाल्मोरचा फोन. "ओलिंतो, काय करून ठेवलंस बाबा?"

"किरकोळ आवराआवर!"

"किरकोळ? आता अर्धं पान आरशातल्यासारखं उलटं छापतंय! पेलोतास गावचा पाद्री आरसा धरून प्रार्थना म्हणतोय! संध्याकाळपर्यंत निस्तरलं नाही, तर बाईंचं पॅकेज मी काढून टाकणार!"

कौतुकाचं पत्र एकच आलं, एका न्हाव्याचं. गिऱ्हाइकांना म्हणे आता आरशात दरपत्रक झकास वाचता येतं!

दुपारी रेदेन्साँव बागेत आमचा नेहमीचा अड्डा, वाल्मोरही हजर. जुरेमाबाईंनी शिमाराँवचा, म्हणजे आमच्या कडू हिरव्या चहाचा, तुंबा भरून माझ्या हातात दिला. तुंबा सगळ्यांत एकच; एकानं रिकामा केला की पुढच्याची पाळी. मी नळी तोंडाला लावायच्या आधीच सुरू झालो, "त्याचं काय झालं, बाई..."

बाईंनी संगणक उघडून माझी सगळी आवराआवर उकिरड्यावर टाकली. "ही ओळ पान सुलटं ठेवते. दिसते तुमच्यासारखी रिकामटेकडी, पण हिचा उपयोग आहे!"

"आणि अर्धं पान?"

"तो दोष तुमच्या अक्षरांच्या पॅकेजात आहे, ओलिंतो! किती रविवार सांगायला बघतेय. मी तोंड उघडलं की तुमची गोष्ट सुरू! दुरुस्ती कधीची तयार आहे."

"मग लावून मोकळं व्हायचं की!"

"न विचारता? दुसऱ्याच्या पॅकेजला? मी काय ओलिंतो आहे?"

वाल्मोर घड्याळाकडे बघत ओरडला, "अरे, हो म्हण लवकर! नाहीतर दोन्ही पॅकेजं बाहेर!"

"म्हणतो रे. पण त्यावरून एक गंमत आठवली..."

"ओलिंतो!!" अख्खा अड्डा ओरडला.

"हो!"

उभ्या आयुष्यातलं माझं सगळ्यात छोटं भाषण! दोन्ही पॅकेजं राहिली. तुंबा मात्र तोवर माझ्याच हातात गार झाला होता, आणि बाकीचे त्याच्याकडे तहानेल्या गुरांसारखे बघत होते.

नव्या आवृत्तीसोबत माझ्या पॅकेजाखाली जुरेमाबाईंची नोंद जगभर गेली: "मालकाच्या संमतीनं दुरुस्त. उशिराचं कारण: मालक बोलत होते."