झेंडूखालचा लॅपटॉप

जुना लॅपटॉप विकण्याआधी साफ कसा करायचा, हे आमच्या ऑफिसात सगळे मलाच विचारतात. डिलीट केलं म्हणजे गेलं, असं समजणाऱ्या भोळ्या मंडळींना मी सांगतो, "फाइल जात नाही रे, फक्त दारावरची पाटी निघते. आत बिऱ्हाड तसंच असतं." खरं पुसायचं तर एक वेगळा प्रोग्रॅम चालवावा लागतो. तो आतल्या भिंतींवर पुन्हा पुन्हा चुना फिरवतो. मग खाली काय लिहिलं होतं ते ब्रह्मदेवालाही वाचता येत नाही.

त्यामुळे माझा स्वतःचा लॅपटॉप विकायचं ठरलं तेव्हा मी निर्धास्त होतो. गिऱ्हाईक कोण ते कळेपर्यंत.

गिऱ्हाईक म्हणजे माझ्या सासूबाई. दमयंतीबाई, दादरच्या एका शाळेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका. जावयाकडून फुकट काही घेणं त्यांच्या शिस्तीत बसत नाही, म्हणून रीतसर विकत. "दसऱ्याच्या मुहूर्तावर न्यायला येते," असा त्यांचा फोन आला आणि माझा निर्धास्तपणा संपला.

कारण त्या लॅपटॉपमध्ये सासूबाई आधीपासूनच होत्या. म्हणजे मी होतो, सासूबाई बनून. ऑफिसच्या स्नेहसंमेलनात मी त्यांची नक्कल केली होती. अंगावर मृणालिनीची, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीची साडी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि सासूबाईंचं ते ठेवणीतलं वाक्य, "जावईबापू, आमच्याकडे चहा पितात, भुरकत नाहीत." लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि मी मूर्खासारखा तो जपून ठेवला.

आता या बाई रागावल्या की ओरडत नाहीत, बोलणंच बंद करतात. एकदा त्यांच्या सत्काराच्या भाषणात मला डुलकी लागली, तर दोन वर्षं माझ्याशी अबोला! मृणालिनी सणाला एकटीच माहेरी जायची आणि डोळे सुजवून परत यायची. यंदा गणपतीत कुठे त्या मला "मोदक घ्या" म्हणाल्या होत्या. तो व्हिडिओ त्यांच्या हाती लागला तर मोदक गेला, माहेर गेलं, सगळंच गेलं.

म्हणून दसऱ्याला सकाळीच प्रोग्रॅम सुरू केला. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, तो फक्त वायरवर चालायचा. पुसायला बराच वेळ लागणार होता. तेवढ्यात श्रीखंड आणावं म्हणून मी डिलाईल रोडवर उतरलो. दुकानाबाहेर ही रांग! परत वर आलो तेव्हा लॅपटॉप पाटावर बसला होता. मिटलेला, हळदकुंकू लावलेला, गळ्यात झेंडूची माळ. शेजारी उदबत्ती, पुढ्यात नारळ. वायर गुंडाळून बाजूला ठेवलेली. आणि समोर हात जोडून आमचे तात्या.

तात्या म्हणजे माझे वडील. उभा जन्म गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापडाच्या मागांवर गेला. दसऱ्याला गिरणीतले सगळे साचे बंद ठेवून त्यांची पूजा व्हायची. संपाच्या वर्षी गेट बंद होतं, तेव्हा त्यांनी घरात ठेवलेल्या मागावरच्या जुन्या धोट्याची पूजा केली. पुढे गिरणी गेली, तिच्या जागी मॉल आला, तात्यांचा दसरा मात्र राहिला. दरवर्षी आमचा मिक्सर आणि शिलाई मशीन पाटावर बसतं. यंदा लॅपटॉप घरातून चालला म्हणून त्याला मान पहिला.

"तात्या, हा चालू होता हो!"

"चालू होतो म्हणान तर बंद केलंय. दसऱ्याक यंत्र चलवतत काय रे?"

"थोडा वेळच लावतो. अर्धं काम झालंय."

"उद्या."

तात्यांचं 'उद्या' म्हणजे गिरणीचा भोंगा. त्यापुढे कुणाचं चालत नाही. माझ्या डोक्यात एकच भुंगा सुरू झाला. अर्ध्या घराला चुना लागला असेल, पण कुठल्या अर्ध्या? सासूबाई पांढऱ्या झाल्या की अजून आत चष्मा लावून उभ्या आहेत?

दुपारी सासूबाई आल्या. आपट्याची पानं दिली, लॅपटॉपला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "छान सजवलाय हो. निघताना घेऊन जाते, उद्या सकाळी घरीच लावीन."

जेवता जेवता श्रीखंडात बुडवलेली पुरी मी ताटात परत ठेवली.

"आज नका नेऊ आई," मी म्हणालो. "त्याला जरा... ताप येतो. म्हणजे गरम होतो."

"बंद यंत्राला ताप कसा येईल, जावईबापू?"

मी तात्यांकडे पाहिलं. सकाळी ज्यांच्यावर दात खाल्ले होते, तेच धावून आले. "विहीणबाई, पूजेवरचा यंत्र आज हलवूचा नाय. उद्या न्या."

"बरोबर आहे. मग मी आज इथेच राहते," म्हणत सासूबाई पाटासमोरच्या खाटेवर बसल्या. त्या उठेनात, मी हलेना. मृणालिनी दोनदा म्हणाली, "तुम्ही त्या लॅपटॉपकडे असे काय बघताय, मुलगी सासरी चालल्यासारखे?"

संध्याकाळी तात्या सोनं वाटायला गॅलरीत गेले, मायलेकी भजी तळायला आत गेल्या. मी माळेखालून वायर सरकवली, बटण दाबलं आणि लॅपटॉपने अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं सुरू व्हायचं संगीत वाजवलं. दारात तात्या उभे!

"कोणी चालू केल्यान?"

"आपोआप झाला, तात्या."

तात्यांनी वायर काढली, ती खिशात घातली आणि पाटाशेजारीच बसकण मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी माळ उतरवली, खिशातून वायर काढून दिली. मी लॅपटॉप उचलला आणि मोरीच्या कोपऱ्यात, सगळ्यांकडे पाठ करून, प्रोग्रॅम पहिल्यापासून लावला. सासूबाई सारख्या विचारत होत्या, "झालं का?" मी म्हणत होतो, "साफ करतोय, आई." अखेर पडद्यावर 'सर्व माहिती कायमची नष्ट' अशी अक्षरं उमटली. एवढा हलका मी लग्नानंतर कधी झालो नव्हतो.

"घ्या आई. अगदी कोरा करकरीत! आत काही म्हणजे काही नाही."

सासूबाईंचा चेहरा पडला. "काहीच नाही? आणि तुमची ती माझी नक्कल?"

मी मृणालिनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मीच दाखवली आईला, गणपतीत. तुम्ही आरतीला गेला होतात तेव्हा. हसून हसून ठसका लागला होता तिला. म्हणून तर मोदक मिळाला तुम्हाला."

"नवा लॅपटॉप मला दुकानातही मिळाला असता," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या निवृत्त शिक्षिकांना तो व्हिडिओ दाखवायचा होता, म्हणून हाच घेत होते. पुसलात? मला न विचारता?"

तोच तो जुना, ओळखीचा अबोला खोलीत येऊन बसतोय असं मला वाटायला लागलं. तेवढ्यात सासूबाईंनी आपला चष्मा काढला आणि माझ्यापुढे धरला. मृणालिनी न सांगता कपाटातून साडी घेऊन आली.

"इथे? आत्ता?" मी कसाबसा म्हणालो. "तात्यांसमोर?"

तात्या खाटेवर मांडी घालून बसले, चहा बशीत ओतला, मोठ्ठा भुरका मारला आणि म्हणाले, "दसरो काल झालो. आता चालू कर."